गैरहजर मोहितेबाई

आठ वर्षं झाली मला मास्तरकी करून. एवढ्या वर्षांत मी एकच विद्यार्थी शिकवला, बाकीच्यांची नुसती हजेरी मांडली. कुणाला ही बढाई वाटेल, कुणाला वैताग. मला काय वाटतं ते पुढं येईलच.

साताऱ्याच्या अलीकडं, हायवेपासून दोन किलोमीटर आत, उसाच्या शेतांच्या मधोमध चार मजली इमारत आहे. तिथं मी डी. फार्मसीच्या पोरांना औषधशास्त्र शिकवायला लागलो. वर्गात नावं होती साठ आणि माणसं सात. बाकीचे त्रेपन्न कुठं, असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं तर ऑफिसातला क्लार्क माझ्याकडं कीव आल्यासारखा बघायला लागला. कुणी पुण्यात कंपनीत, कुणी भरतीच्या तयारीला मैदानावर, कुणी बापाच्या मेडिकलच्या गल्ल्यावर. प्रवेश घ्यायचा, परीक्षेला उगवायचं, सर्टिफिकेट घेऊन जायचं. रजिस्टरात मात्र ती रोज हजर असायची आणि ती हजेरी लावायची जबाबदारी माझी. हे असंच असतं म्हणे सगळीकडं. मीही लावत गेलो.

त्या सातांपैकी सहा जण दुसरीकडं कुठं जमलं नाही म्हणून आलेले होते. सातवी बाई मात्र शिकायला आली होती. शालन मोहिते. वय बेचाळीस, नववीला असलेल्या मुलीची आई, पंधरा वर्षं एसटीत कंडक्टर. तिला मी गैरहजर ठरवलं. मी स्वतः, माझ्या हातानं.

पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी शिकवणं थांबवून म्हणालो, "पालकांनी ऑफिसात बसा."

"आवं सर, मीच पालक आन मीच पोरगं," त्या म्हणाल्या. "बसू का?"

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत. काठाची साधी साडी, पायात कापडी बूट, खांद्याला आडवी पिशवी. आत येताना त्यांनी वर्गावर मागून पुढं एक नजर फिरवली, ओठ हलले, आणि मग माझ्याकडं बघून सांगितलं, "साठात सात. भरती लय कमी हाय, सर." पिशवीतनं एक लहान वही काढून त्यांनी तो आकडा लिहिला, तारीख टाकली आणि मगच बाकावर बसल्या. पुढं दोन वर्षं हे रोज चाललं. मला सुरुवातीला गंमत वाटायची. कंडक्टरची खोड, दुसरं काय!

खोडी पुष्कळ होत्या. बाई फार वेळ बसू शकत नसत. कोयनानगरच्या घाटात पंधरा वर्षं हिंदकळून त्यांच्या कमरेचं पार वाटोळं झालं होतं. अर्धा तास झाला की उठायच्या आणि मागच्या खांबाला खांदा टेकवून, पाय फाकवून उभ्या राहायच्या. तशाच उभ्यानं वही दंडावर धरून लिहायच्या, आणि अक्षर बसलेल्या पोरांपेक्षा सरळ यायचं. मी एखादी भानगड एका दमात सांगून टाकली की हात वर. "सर, ही बंदी नोट झाली. जरा सुट्टी करून द्या." मग मला ती गोष्ट चार तुकडे करून सांगावी लागायची, आणि सांगताना कळायचं की मलाच ती नीट माहीत नाही.

औषधांची नावं पाठ करायची त्यांची तऱ्हा और होती. सगळी नावं त्यांनी गाडीच्या थांब्यांसारखी लावून घेतली होती. "अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, ह्ये ओलॉलवाले समदे एका रूटचे. बीपीचे. दम्याच्या पेशंटला ह्या गाडीत चढवायचं न्हाई. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, ह्यो दुसरा रूट. ह्यात खोकला लागतो." हे सगळं त्या हातातल्या पेनानं बाकावर टकटक करत म्हणायच्या. मी एम. फार्म. झालो पण इतकं चोख मला कधी पाठ नव्हतं. पोरं त्यांना काकू म्हणायची आणि परीक्षेच्या आधी त्यांच्याभोवती गोळा व्हायची.

नोकरी का सोडली, हे मी एकदा विचारलं. कायमची सरकारी नोकरी, ती सोडून कुणी कॉलेजात येतं का?

"कंबर तर गेलीच व्हती," त्या म्हणाल्या. "पर खरं सांगू का, मुक्कामाची गाडी नकोशी झाली. पोरगी दोन वर्षांची व्हती तवापास्नं आठवड्यातनं तीन रात्री मी दुसऱ्याच गावाला. मालक पलटणीत. पोरीला ताप आला की गोळी सासूनं द्यायची, आन सासूला वाचता येत न्हाई. एकदा पोरीला सासूची बीपीची गोळी दिली तिनं. वाचली पोरगी. तवाच ठरवलं, घरातच औषधाचं दुकान टाकायचं. रस्त्याला लागून घर हाय आमचं. एका जागी बसायचं, आन वाचून गोळी द्यायची."

एवढंच होतं बाईंचं म्हणणं. उंब्रजजवळच्या त्यांच्या गावात मेडिकल नव्हतं, रात्री-अपरात्री माणसं हायवेवर धावायची. डिप्लोमा मिळाला की लायसन, लायसन मिळालं की दुकान. त्यासाठी किती फूट जागा लागते हे त्यांनी पहिल्याच महिन्यात मला विचारून घेतलं होतं. त्यांचे मालक पलटणीतनं निवृत्त होऊन शिरवळच्या एका कारखान्यात गेटवर होते, रविवारी घरी यायचे. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत त्यांनी सोप्याच्या तीन भिंतींना फळ्या ठोकून दिल्या. बाईंनी मला मोबाइलवर फोटो दाखवला. रिकाम्या फळ्यांचा फोटो! मी म्हणालो, छान आहे.

कॉलेजात पालक मेळावा असायचा. प्रत्येक विद्यार्थ्याचा पालक आलाच पाहिजे, नाहीतर परीक्षेचा फॉर्म नाही, असला नियम. आता बेचाळीस वर्षांच्या बाईचा पालक कोण? मालकांना गेटवरनं सुट्टी नाही. बाईंनी सासूला आणलं. सत्तरीची नऊवारीतली म्हातारी पोरांच्या आईबापांच्या रांगेत बसली आणि नाव पुकारल्यावर थेट माझ्या टेबलापाशी आली.

"काय मास्तर, आमच्या सुनंची काय तक्रार?"

"काही तक्रार नाही, आजी. हुशार आहेत तुमच्या सूनबाई."

"हुशारीचं ऱ्हाऊ द्या. साळंला येती का रोज? का दुसरीकडंच हिंडती?"

"एक दिवस चुकलेल्या नाहीत," मी म्हणालो. "सगळ्या वर्गात यांचीच हजेरी पुरी आहे."

म्हातारीनं माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "मग बास. त्येवडंच इचारायला आली व्हती." बाई बाजूला मान खाली घालून उभ्या होत्या, एखाद्या पोरीसारख्या. त्या दिवशी आम्ही सगळे लय हसलो.

आणखी एक दिवस सांगायलाच पाहिजे. जवळच्या गावची यात्रा होती, त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. सहापैकी एकही पोरगं आलं नाही. बाई मात्र आल्या, वर्गावर नजर फिरवली आणि वहीत 'एक' लिहिलं. मी म्हणालो, "बाई, आज राहू दे. एकट्यासाठी काय शिकवायचं?"

"सर, गाडी एका पाशिंजरासाठी बी सुटती," त्या म्हणाल्या. "डबल बेल दिलीय मी. चला."

मग मी शिकवलं. इन्सुलिन घेतलं होतं त्या दिवशी. त्यांच्या सासूला साखर होती, त्यामुळं प्रश्नावर प्रश्न. सुई कुठं टोचायची, जागा का बदलायची, प्रवासात बाटली कशी न्यायची, जेवायला उशीर झाला तर काय करायचं. एक तासाचे दोन तास झाले, मी घामाघूम. फळा भरला, पुसला, परत भरला. बापरे, काय आनंद झाला होता मला! घरी जाताना मी मोटरसायकलवर मोठ्यानं गाणं म्हणत गेलो. मास्तर असणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर परत कधी कळलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मान्यतेसाठी तपासणी समिती यायची होती. समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात लग्नघर व्हायचं. प्रयोगशाळेची काचसामग्री टेम्पोतनं उसनी आली. पुस्तकं उसनी आली, वर त्यांच्यावर आमचे शिक्के. पोरंही उसनी आली, संस्थेच्याच ज्युनिअर कॉलेजातनं त्रेपन्न नग, पांढरे अॅप्रन घालून. नाव विचारलं तर काय सांगायचं याच्या चिठ्ठ्या त्यांना वाटल्या गेल्या. प्राध्यापकांच्या यादीत मात्र ऐन वेळी एक कमी पडायला लागला. कागदावर शिकवणाऱ्या एक देसाई मॅडम पुण्याहून यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत.

प्राचार्यांनी व्हरांड्यातून इकडं तिकडं बघितलं आणि त्यांची नजर मोहितेबाईंवर पडली. साडी, चष्मा, कानावर पिकलेले केस. त्यांचा चेहरा उजळला.

"मोहितेबाई, आज तुम्ही मॅडम. हा घ्या कोट, हा बिल्ला लावा. स्टाफरूममध्ये बसायचं, काही बोलायचं नाही."

बाईंनी बिल्ला हातात घेतला, वाचला. प्रा. सौ. देसाई. परत दिला.

"सर, दुसऱ्याच्या बिल्ल्यावर मी कवा ड्युटी केली न्हाई."

"अहो, तुम्हाला मान मिळतोय!"

"मान नगं, सर. मला डिप्लोमा पायजे." आणि वर्गात जाऊन स्वतःच्या बाकावर बसल्या.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते, असं अशा वेळी म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

समितीतले दोघं वर्गात आले तेव्हा मी फळ्यापाशी होतो. वर्ग गच्च भरलेला. पोरांनी उठून एका सुरात गुड मॉर्निंग म्हटलं. त्यातल्या थोराड गृहस्थांना मधल्या रांगेत बाई दिसल्या. ते सहज, हसत म्हणाले, "तुम्ही स्टाफ का?"

"न्हाई साहेब, मी इद्यार्थी."

"अरे वा! या वयात! कौतुक आहे. मग, रोज किती जण असता वर्गात?"

"सात, साहेब. आज त्रेपन्न जादा हाईत."

माझ्या हातातला खडू खाली पडला. उसनी पोरं चिठ्ठ्यांकडं बघायला लागली. ते गृहस्थ "असं, असं," म्हणाले आणि पुढं निघून गेले.

नंतर मी बाईंवर भडकलो. काय गरज होती? गप्प बसता आलं नाही? त्या गोंधळल्या.

"आवं सर, गाडीत किती म्हणून चेकरनं इचारलं की तोंडातनं खरा आकडाच येतो. पंधरा वर्षं त्येच केलं. मुंडकी आन तिकिटं जुळली न्हाईत तर नोकरी जाती की! मला वाटलं, चेकर हाईत तर ह्यास्नी खरंच मोजायचं आसंल."

बिचारीला वाटलं, चेकर म्हणजे चेकर. समितीतल्या दोघांनी दुपारी आमच्याकडं जेवण केलं, जाताना कंदी पेढ्यांचे बॉक्स गाडीत ठेवून घेतले आणि महिन्याच्या आत मान्यता आली. कॉलेजच्या केसालाही धक्का लागला नाही. त्यांच्या अहवालात सात हा आकडा कुठंच नव्हता.

मग एके दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं. टेबलावर कोरं हजेरी रजिस्टर होतं. "चौगुले, हे वर्षाचं रजिस्टर नव्यानं लिहून काढा. जुनं खराब झालंय. आणि ती मोहिते, तिची हजेरी पंचावन्न टक्क्यांच्या वर जाता कामा नये." परीक्षेला बसायला किती हजेरी लागते ते मला माहीत होतं. मी रजिस्टर उचललं नाही तेव्हा ते म्हणाले, "लग्न ठरलंय म्हणे तुमचं? कधीची तारीख?" माझी सगळी मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या मागच्या कपाटात होती. नोकरीला लागताना जमा करून घेतात. त्यांनी कपाटाकडं बघितलंसुद्धा नाही, मीच बघितलं.

रविवारी दुपारी जेवून मी बसलो. शाई एकसारखी दिसू नये म्हणून चार पेनं घेतली. त्रेपन्न जणांच्या ओळी हजर, हजर, हजर अशा भरत गेलो, मधेच एखादी रजा टाकायची म्हणजे खरं वाटतं. मोहितेबाईंच्या ओळीला आलो तेव्हा पेन बदललं, एवढंच. सवयीचं काम होतं. हवे तितके गैरहजर मोजून टाकले. शेजारी टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालली होती आणि मी अधूनमधून स्कोअर विचारत होतो. हेही लिहून ठेवतो, कारण त्याचीच मला जास्त लाज वाटते.

परीक्षेला बसता न येणाऱ्यांची यादी बोर्डावर लागली. यादी कसली, एकच नाव. ज्या त्रेपन्न पोरांनी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं ती सगळी पात्र, आणि ही एकटी अपात्र.

बाई माझ्याकडं आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पिशवीतनं लहान लहान पाच वह्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन वर्षांतला एकेक दिवस त्यात होता. तारीख, किती जण, कुणी शिकवलं, काय शिकवलं. गाडीचा कागद लिहावा तसा.

"सर, ऑफिसात काय तरी घोटाळा झालाय. तुमी जरा रजिस्टर ताडून बघा की."

अजूनही त्यांना वाटत होतं की चूक झालीय. मी म्हणालो, "बाई, वहीला अर्थ नसतो. रजिस्टरात असेल तेच धरतात."

"बगू तरी रजिस्टर."

मी दाखवायला नको होतं. पण समोरच होतं, त्यांनी ओढून घेतलं आणि बोट ठेवत ओळ वाचायला लागल्या. चष्म्याआडचे डोळे एका तारखेवर थांबले. त्यांनी वही उघडली, पान काढलं आणि माझ्यापुढं सरकवलं. यात्रेच्या दुसऱ्या दिवसाचं पान. एक. चौगुले सर. इन्सुलिन.

"ह्या दिवशी मी न्हवती म्हणता," त्या हळू म्हणाल्या, "मग सर, तुमी दोन तास कुणाला शिकवलं?"

तेव्हा त्यांना कळलं की रजिस्टर कुणी लिहिलंय. त्यांच्या चेहऱ्यावरनं ते मला दिसलं. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "ऑफिसात विचारा."

ऑफिसात त्या दहादा गेल्या. मालक शिरवळवरनं कडक इस्त्रीचे कपडे घालून आले आणि प्राचार्यांच्या दाराबाहेर सकाळपासून बाकावर ताठ बसून राहिले. प्राचार्य मागच्या दारानं निघून गेले. दुसरं कॉलेज बघावं तर दाखला सुटेना. शेवटी प्राचार्यांनीच तोड काढली. बाईंनी लेखी माफी द्यायची, समितीला सांगितलेला आकडा चुकीचा होता असं लिहायचं, मग पुढच्या वर्षी बसवू. तो माफीनामा लिहायचं काम मला, आणि घरी नेऊन सही आणायचं कामही मलाच.

रविवारी सकाळी गेलो. सोप्यात फळ्या ठोकलेल्या होत्या आणि त्यावर बाईंची पुस्तकं आणि जर्नलं नीट लावून ठेवली होती. मुलगी आत अभ्यास करत होती, ती बाहेर आली नाही. म्हातारी दारातच बसली होती. तिनं मला ओळखलं.

"मास्तर, तुमीच म्हनला व्हता न्हवं, एक दिस चुकली न्हाई म्हणून?"

"हो, आजी."

"मग आता कसं म्हनं?"

मी कागद काढला. बाईंनी हात पुसून तो घेतला, उभ्यानंच सगळा वाचला, दोनदा.

"अक्षर चांगलं हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "पर ह्यात लिवलंय की वर्गात रोज पंचावन्नच्या वर पोरं असत्यात. सर, तेवडी नसत्यात."

"बाई, नुसती सही करा हो. एका सहीनं दोन वर्षांची मेहनत वाचतीय तुमची. दुकान होईल. कोण बघतंय आकडा?" मी अक्षरशः हात जोडले. त्यांच्यासाठी जोडले असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्यांनी सही केली असती तर मी सुटलो असतो.

"आजवर चुकीच्या कागदावर सही केली न्हाई. आता पोरीच्या देखत करू?" त्यांनी कागद घडी घालून परत दिला. "चहा घेऊन जावा."

चहा घेतला मी. तोही घेतला. पुढच्या महिन्यात माझं लग्न झालं, वर्षभरात सर्टिफिकेटं सोडवून मी सांगलीकडच्या एका कॉलेजात आलो. इथंही वर्ग तसाच आहे.

चार वर्षांनी, गेल्या पावसाळ्यात, माझ्या लहान मुलीला ताप होता. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी सांगलीत पेठेतल्या एका गजबजलेल्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरच्या आत पांढरा कोट घालून मोहितेबाई उभ्या होत्या. मागं फिरायचा विचार केला, तोवर त्यांनी बघितलं.

"सर! तुमी सांगलीत व्हय?" अगदी साध्या आवाजात. मुलगी इथं इंजिनिअरिंगला आहे, तिच्याबरोबर खोली केलीय, सासू गेली, असं चिठ्ठी वाचता वाचता सांगितलं. मग थांबल्या. "पोरीचं वजन किती?"

"अकरा किलो."

"डॉक्टरांनी पाच एम.एल. लिवलंय, पर त्ये साध्या औषधाचं. आमच्याकडची बाटली दुप्पट ताकदीची हाय. थांबा." त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, मोजक्या शब्दांत विचारलं आणि बाटलीवर स्वतःच्या सरळ अक्षरात लिहिलं, अडीच. मागं गर्दी होती, पण प्रत्येकाला त्या वाचून, समजावून, सुट्टं करून सांगत होत्या. म्हणजे झालं की बाईंचं! कुठून तरी परीक्षा दिली, जमवलं यांनी. मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीवरच्या लायसनच्या फ्रेमकडं त्यांचंच नाव वाचायला बघितलं.

नाव दुसरंच होतं. मला पाठ असलेलं. त्याच रजिस्टरातला एकतिसावा नंबर, ज्याची हजेरी मी दोन वर्षं लावली आणि तोंड कधी पाहिलं नाही.

तेवढ्यात गल्ल्यावर बसलेल्या दुकानमालकाचा फोन वाजला. त्यानं ऐकलं आणि खाली ठेवता ठेवता म्हणाला, "मोहितेबाई, बाहेर या. तपासणीचे साहेब शेजारच्या दुकानात आहेत."

बाईंनी कोट काढला, खुंटीला लावला. फळी उचलून काउंटरच्या बाहेर आल्या. कुणाची तरी एक चिठ्ठी हातात घेतली आणि गिऱ्हाइकांत, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. हे सगळं इतक्या सवयीनं, की कितव्यांदा करत होत्या कोण जाणे. मागच्या दारानं एक तरुण धापा टाकत आला, मोटरसायकलची किल्ली खिशात घातली आणि तोच कोट अंगात चढवला. बाह्या आखूड झाल्या.

साहेब आले. फ्रेम बघितली, पोराकडं बघितलं. "आपणच का?"

"हो, सर."

साहेबांनी वहीत सही केली आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं, गिऱ्हाईक खोळंबलंय."

पोरानं बाईंच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि फळ्यांकडं तोंड करून शोधायला लागला. इकडं बघ, तिकडं बघ. सापडेना. साहेब उभेच. बाई चिठ्ठीवाल्या परक्या बाईच्या आवाजात म्हणाल्या, "दादा, वरच्या कप्प्यात बगा बरं, डाव्या अंगाला."

त्यानं बाटली काढली. थायरॉईडच्या गोळ्या होत्या. सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी घ्यायच्या असतात. मीच शिकवलं होतं ते, सात जणांना.

"रोज एक, काकू," पोरगा साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "जेवणानंतर घ्यायची."

मी मास्तर, आणि मी गप्प उभा. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा साहेबांकडं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "जेवणानंतर."